बांधावरची शाळा आणि पोटाचा प्रश्न : निसर्गशिक्षणाच्या पेशाचा आढावा

बालाघाट जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वैनगंगा आणि बावनथडी या दोन नद्यांच्या आश्रयाने पिकणाऱ्या धानाच्या सपाट मुलखात, खैरलांजी हे तहसिलीचे ठिकाण आहे. याच नावाचे एक गाव भंडारा जिल्ह्यातही असल्यामुळे हा खुलासा आरंभीच करणे इष्ट होय; येथे अभिप्रेत आहे ते मध्यप्रदेशातील खैरलांजी, जेथे दप्तराची भाषा हिंदी, घराची भाषा पोवारी किंवा मराठी, आणि बाजाराची भाषा समोरच्या गिऱ्हाइकाप्रमाणे बदलणारी असते. १८६७ साली बालाघाट जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख आणि शेजारचा भंडारा एकाच प्रांतात, नागपूरच्या अमलाखाली नांदत होते. त्या दिवशी राज्यांची वाटणी झाली आणि कचेऱ्या, कायदे व शाळांची पाठ्यपुस्तके निराळी झाली. धानाच्या बांध्या, मालगुजारांनी राखलेले तलाव, पाणथळीतले सारस आणि दोन्हीकडच्या सोयरिकी यांची वाटणी मात्र कोणत्याही हुकुमाने होऊ शकली नाही.

अशा मुलखातला एखादा मुलगा किंवा मुलगी बालाघाटच्या जटाशंकर त्रिवेदी महाविद्यालयातून किंवा गोंदियाच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयातून पदवी घेऊन घरी परतते आणि म्हणते, की मला मुलांना रानात, नदीकाठी, तलावाच्या पाळीवर नेऊन शिकवायचे आहे, तेव्हा घरातील वडील माणसे प्रथम जो प्रश्न विचारतात तो असा, की या कामाची नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, आणि पाच वर्षांनी माणूस कोठे पोहोचतो? हा प्रश्न कोत्या मनाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. ज्या घराने एक एकर धान विकून मुलाला शिकविले, त्या घराला त्याचे उत्तर मागण्याचा पुरेपूर अधिकार आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू हाच, की या पेशाची परंपरा, कायद्याने त्याला दिलेला आधार, शिक्षणाच्या सोयी, मिळकतीच्या वाटा आणि त्यातील जोखमी यांचा एकत्र आढावा घेऊन, खैरलांजीसारख्या ठिकाणच्या पदवीधराला हे काम पोटापाण्यासह करता येईल काय, याचा विचार करावा.

प्रथम संज्ञांविषयी. ज्याला आज उघड्यावरचे शिक्षण म्हणतात त्यात दोन भिन्न उगमांचे प्रवाह मिसळलेले आहेत. पहिला साहसशिक्षणाचा. १९४१ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने वेल्समधील अबरडोवी येथे तरुण खलाशांसाठी ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली, तेव्हा समुद्र, डोंगर आणि सोबत्यांची जबाबदारी हीच त्याने पाठ्यपुस्तके मानली. आपल्याकडे दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था १९५४ साली आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली निघाली. मुंबईचे ‘गिरिविहार’ हेही १९५४चेच. दुसरा प्रवाह पर्यावरणशिक्षणाचा. १९७२ची स्टॉकहोम परिषद आणि १९७७ची तिबिलिसी परिषद यांनी त्याला जागतिक रूप दिले, आणि जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य व सहभाग अशी त्याची उद्दिष्टे निश्चित केली. पहिल्या प्रवाहात निसर्ग हे माणसाला घडविण्याचे साधन ठरते, तर दुसऱ्यात निसर्ग हाच अभ्यासाचा आणि कर्तव्याचा विषय असतो. पेशा म्हणून विचार करताना हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण दोहोंची प्रमाणपत्रे, मालक, हंगाम आणि जोखमी सर्वस्वी वेगवेगळ्या आहेत. मात्र उत्तम शिक्षक तोच, ज्याच्या ठिकाणी दोन्ही प्रवाह एकत्र येतात.

हे सारे परदेशातून आले, अशी समजूत करून घेण्याचेही कारण नाही. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात १९०१ साली झाडाखाली वर्ग भरविले. १९३७च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नयी तालीमने शेत, चरखा आणि आवार यांना शिक्षणाचे माध्यम मानले. मराठी मुलखात या विचाराचे सर्वांत निर्मळ रूप कोसबाडच्या टेकडीवर दिसले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या ध्यानात आले, की आदिवासी मुले शाळेत येत नाहीत याचे कारण त्यांची अनास्था नसून त्यांच्या माथी असलेली गुरे आहेत. तेव्हा त्यांनी शाळाच गुरांमागे कुरणात नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ असे नाव दिले. या एका शब्दात उघड्यावरच्या शिक्षणाचे अख्खे तत्त्वज्ञान सामावले आहे, कारण मुलाला त्याच्या जगातून उचलून आणण्याऐवजी त्याच्या जगातच विद्या शोधण्याची नम्रता त्यात आहे.

मध्यप्रदेशाची स्वतःची थोर परंपराही येथे आदराने नमूद केली पाहिजे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी विज्ञानशिक्षणाचा जो प्रयोग आरंभिला, त्यात ‘परिभ्रमण’ हा अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग होता: मुले शेतात, नाल्यात, माळावर जात, पाने आणि कीटक गोळा करीत, प्रश्न विचारीत, आणि उत्तर पुस्तकात शोधण्याआधी वस्तूत शोधीत. पुढे १९८२ साली ‘एकलव्य’ संस्था स्थापन होऊन हे कार्य वाढले. २००२ साली शासनाने तो कार्यक्रम शाळांतून बंद केला, परंतु त्या प्रयोगाने घडविलेले शिक्षक आणि त्यातून निघालेले वाङ्मय आजही या क्षेत्रातील नवख्याला मार्गदर्शक ठरते. ज्या राज्यात तीस वर्षे सरकारी शाळांतील सामान्य शिक्षकांनी मुलांना वर्गाबाहेर नेऊन विज्ञान शिकविले, त्या राज्यात हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

आता कायद्याच्या आधाराकडे वळू. महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर अनिवार्य करण्याचा आदेश दिला; पुढे २००३ साली त्याच्या अंमलबजावणीची ताकीद पुन्हा द्यावी लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला, आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. त्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीची तरतूद स्पष्ट आहे. तथापि बहुतेक महाविद्यालयांत तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून संपविण्याचा विषय होऊन बसला, कारण मुलांना बाहेर नेणारा, त्यांची जबाबदारी घेणारा आणि बाहेर नेल्यावर काय दाखवावे हे जाणणारा माणूस संस्थेच्या हजेरीपटावर नव्हता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातले दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची कल्पना मांडली, आणि त्याची मार्गदर्शिका भोपाळच्याच केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने २०२४ साली सिद्ध केली. दहा दिवस मोकळे झाले. ते दिवस अर्थपूर्ण करणारा माणूस कोण, हा प्रश्न तसाच उरला. या सर्व आदेशांचे आणि धोरणांचे एकत्र परिशीलन केले असता एकच निष्कर्ष निघतो: कामाचा हुकूम निघाला आहे, पण काम करणाऱ्याचे पद निर्माण झालेले नाही. या क्षेत्रातील पदवीधराची सारी अडचण, आणि त्याची सारी संधीही, या एका वाक्यात आहे.

पद नसले तरी वाटा आहेत. पहिली वाट सरकारी नोकरीची. मध्यप्रदेशात वर्ग एक, दोन आणि तीन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शिक्षकभरतीतून जो शाळेत रुजू होतो, त्याला कायम पगार, निश्चित मुले आणि दहा दप्तरमुक्त दिवस, एवढे भांडवल पहिल्याच दिवशी मिळते. जिज्ञासू शिक्षकाला याहून अधिक काय हवे? वनविभागात वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल म्हणून जाणाऱ्याला जंगलाचा सहवास लाभतो, आणि राज्याच्या वनविभागातर्फे हिवाळ्यात शाळकरी मुलांसाठी भरविल्या जाणाऱ्या ‘अनुभूती’ शिबिरांतून शिकविण्याचा प्रसंगही येतो. या शिबिरांसाठी विभागाबाहेरचे निसर्गप्रेमीही ‘प्रेरक’ म्हणून प्रशिक्षित केले जातात. खैरलांजीच्या तरुणाने या क्षेत्रात पहिले पाऊल कोठे टाकावे असे कोणी विचारील, तर वारासिवनी किंवा बालाघाटच्या वनकचेरीत जाऊन ‘अनुभूती’च्या कामासाठी अर्ज करावा, हे उत्तर मी निःसंकोच देईन.

सरकारी नोकरी म्हणजे सर्जनशीलतेचा शेवट, असे मानणाऱ्यांनी मारुती चितमपल्ली यांचे चरित्र पाहावे. वनखात्याच्या चाकरीत राहूनच त्यांनी नवेगावबांधच्या तलावाकाठी पाणपक्ष्यांचा अभ्यास केला, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या ग्रामस्थाचे शिष्यत्व पत्करून पाखरांची आणि झाडांची स्थानिक नावे टिपली, आणि मराठीला ‘पक्षिकोश’ व ‘चकवाचांदण’ यांसारखे ग्रंथ दिले. दप्तरात अधिकारी आणि रानात विद्यार्थी, अशी ही दुहेरी भूमिका ज्याला साधते त्याला सरकारी खुर्ची अडवीत नाही.

दुसरी वाट स्वयंसेवी व शास्त्रीय संस्थांची. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे गोरेगावचे शिक्षणकेंद्र, अहमदाबादचे १९८४पासूनचे पर्यावरण शिक्षण केंद्र, १९६९ साली भारतात आलेली विश्व प्रकृती निधी ही संस्था, सातपुडा फाउंडेशन, भोपाळची ‘एप्को’ आणि तिच्यामार्फत शाळांतून चालणारी राष्ट्रीय हरित सेना, ही या वाटेवरची ठळक ठिकाणे होत. येथे आरंभीचे मानधन अल्प असते, नेमणूक बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते, आणि प्रकल्प बरखास्त झाला की माणूसही मोकळा होतो. परंतु जे शिक्षण येथे तीन वर्षांत मिळते ते कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही. या वाटेवर जाणाऱ्याने मुदतीचा दाखला जपून ठेवावा आणि त्याहून अधिक जपून आपल्या नोंदवह्या ठेवाव्यात.

तिसरी वाट पर्यटनाची. बैहर तहसिलीतील मुक्की फाटकातून कान्हाच्या राष्ट्रीय उद्यानात प्रवेश होतो. १९५५ साली हे उद्यान आणि १९७३ साली ते देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाले. १९७०च्या सुमारास अवघ्या ६६ उरलेल्या कठीण भूमीवरील बारासिंग्याला जेथे पुन्हा संख्येने वाढताना पाहता येते, त्या कुरणाच्या काठावर उभे राहून संवर्धन म्हणजे काय हे समजावून सांगणारा गाइड हा खरोखरीच शिक्षक होय. मात्र या वाटेला दोन उणिवा आहेत. पाहुण्याची दृष्टी बहुधा वाघावर खिळलेली असल्याने गाइडाला वाघ शोधून देणारा माणूस म्हणून जगावे लागते; आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर उद्यानाचे गाभाक्षेत्र बंद राहत असल्याने वर्षातले तीन महिने मिळकत थांबते.

चौथी वाट साहसशिक्षणाची. उत्तरकाशी किंवा दार्जिलिंग येथे मूलभूत गिर्यारोहण अभ्यासक्रम करावा. त्यात ‘अ’ श्रेणी मिळाल्यासच प्रगत अभ्यासक्रमाला, आणि त्यातही ‘अ’ श्रेणी मिळाल्यासच प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, ही गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात ठेवावी. जमशेदपूरचे टाटा स्टील साहस प्रतिष्ठान १९८४पासून, आणि पुण्यातील ‘गिरिप्रेमी’शी संलग्न असलेली गिर्यारोहण संस्था अलीकडच्या काळात, हे शिक्षण देत आली आहेत. महाराष्ट्राने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम घालून दिल्यामुळे प्रमाणपत्रधारक प्रशिक्षकाची किंमत वाढली आहे. खैरलांजीच्या सपाट मुलखात कडे नाहीत हे खरे. पण दोरीची गाठ, नकाशाचे वाचन, नदी ओलांडण्याची शिस्त आणि थकलेल्या सोबत्याला सांभाळण्याचे भान यांची गरज सपाट मुलखातही तितकीच असते.

यांखेरीज उच्चशिक्षणाचीही सोय आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था, या दोन्ही १९८२ सालच्या. पुण्यात त्याच वर्षी प्रकाश गोळे यांनी स्थापिलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम अनेक मराठी निसर्गअभ्यासकांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. परंतु पदव्या जोडीत बसण्याचा मोह आवरावा. मुलांसमोर उभे राहण्याची विद्या मुलांसमोर उभे राहूनच येते.

आता या आढाव्यातील मुख्य मुद्द्याकडे येतो. वरील चारही वाटा खैरलांजीच्या तरुणाला खैरलांजीबाहेर नेतात. आणि शिकण्यासाठी बाहेर जाणे योग्यही आहे. पण पेशा उभारण्यासाठी परत येणे हेच त्याच्या हिताचे आहे, असे माझे मत आहे, आणि ते भावनेपेक्षा हिशेबावर आधारलेले आहे. कान्हाचे फाटक बंद होते नेमके त्याच काळात शाळा उघडतात आणि बांध्या पाण्याने भरतात. जून सरता सरता बेडकांची अंडी आणि धानाच्या पऱ्ह्यांचे हिरवे वाफे, जुलै-ऑगस्टात रोवणी आणि सारसांची घरटी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, किडी आणि त्यांना टिपणारी पाखरे, डिसेंबर-जानेवारीत तलावांवर उतरणारी स्थलांतरित बदके आणि ‘अनुभूती’ची शिबिरे, फाल्गुनात पळस, चैत्रात मोहफुले, वैशाखात तेंदूपाने आणि उन्हाळी सुटीतील निवासी शिबिरे. ज्याने एका तहसिलीचे हे बारा महिने आत्मसात केले, त्याच्या कामाला बंद हंगाम उरत नाही. जंगलाच्या फाटकावर उभा राहणारा वर्षातले नऊ महिने कमावतो. बांधावर उभा राहणाऱ्याचे पंचांग पूर्ण आहे.

यातील सारसाचे उदाहरण थोडे जवळून पाहू. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला, पुरुषभर उंचीचा हा करड्या अंगाचा व तांबड्या मानेचा पक्षी गोंदिया आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात आजही जोडीने फिरतो. पावसाळ्यात तो भर बांधीत, उभ्या पिकाच्या मध्यावर, धानाची रोपे आणि गवत ओढून घरटे रचतो, बहुधा दोन अंडी घालतो, आणि नरमादी महिनाभर आळीपाळीने ती उबवितात. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत हे घरटे पडते त्याचे थोडे धान जाते. तो घरट्याभोवतीची जागा सोडून रोवणी व निंदण करतो काय, हा या पक्ष्याच्या जगण्यामरणाचा प्रश्न असतो. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था वर्षानुवर्षे दोन्ही जिल्ह्यांत शेतकऱ्यांना आणि वनविभागाला सोबत घेऊन सारसांची गणना करीत आली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या पक्ष्याच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. न्यायालय हुकूम देऊ शकते आणि वनविभाग गणना करू शकतो. परंतु घरटे शाबूत राहते ते शेतकऱ्याच्या मनात, आणि त्या मनापर्यंत जाणारी सर्वांत जवळची वाट त्याच्या शाळकरी मुलीच्या बोलण्यातून जाते. ज्याला ही वाट चालता येते तोच निसर्गशिक्षक.

असा पाठ प्रत्यक्षात कसा होतो? पाऊस उघडलेल्या सकाळी वीस मुले दोन-दोनच्या जोड्यांनी धुऱ्यावर बसतात. प्रत्येक जोडीच्या हातात चार हात सुतळी. तिचा चौकोन धुऱ्याच्या गवतावर मांडायचा आणि अर्धा तास त्याबाहेर पाहायचे नाही. आरंभी मुले म्हणतात, येथे काहीच नाही. दहा मिनिटांनी एकजण मुंगीच्या तोंडातला दाणा दाखवितो. मग खेकड्याचे बीळ, कोळ्याचे जाळे, तीन जातींची गवते निघतात, आणि त्यांपैकी एकाचे नाव गुरुजींनाही येत नाही. ते नाव निंदण करणारी बाई सांगते, आणि हे गवत म्हशीला घातले तर दूध कसे येते तेही सांगते. मुले ते वहीत मराठीत, पोवारीत आणि हिंदीत लिहितात. त्या अर्ध्या तासात निरीक्षण, मोजणी, भाषा आणि कष्टकरी माणसाच्या ज्ञानाविषयीचा आदर, एवढ्या गोष्टी एका सुतळीत बांधल्या जातात. खर्च सुतळीचा, आणि तीही पुढच्या वर्षी कामी येते.

तलाव हा असाच दुसरा विद्यापीठाच्या तोलाचा विषय. भंडारा, गोंदिया आणि लगतच्या मुलखातील जुने तलाव कोहळी समाजाच्या जलकौशल्याची साक्ष देतात. मालगुजारी बरखास्त झाल्यावर ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा’ तलाव या नावाने सरकारदरबारी नोंदले गेले, आणि गाळ, अतिक्रमण व बेशरमाच्या झुडपांनी त्यांपैकी कित्येकांची रया गेली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला बरोबर घेऊन, बेशरम काढून, मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावून आणि स्थानिक माशांच्या जाती परत आणून दाखविले, की पर्यावरणाचे काम आणि मासेमारांची भाकर या दोन गोष्टी एकच आहेत. कोणत्या माशाला कोणती वनस्पती हवी हे सांगणारा ढिवर म्हातारा ज्या शिक्षकाने एकदा वर्गात आणला, त्या शिक्षकाला मुलांची उणीव कधी भासत नाही.

शहरातून येऊन गावात राहण्याचा निर्णय घेणाऱ्यांचेही एक उदाहरण हाकेच्या अंतरावर आहे. पुण्यात निसर्गशिक्षणाचे दीर्घ कार्य केलेले आणि ‘सखा नागझिरा’ लिहिणारे किरण पुरंदरे नागझिऱ्याच्या कुशीतील पिटेझरी या गावी सपत्नीक राहावयास आले. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला, त्याच्या काठावरचे हे गाव. ज्या ठिकाणी पोहोचण्यासाठी एका जाणत्या निसर्गअभ्यासकाने महानगर सोडले, त्याच्या शेजारच्या मुलखात आपण जन्मतःच आहोत, ही जाणीव खैरलांजीच्या पदवीधराला व्हावी, एवढ्याचसाठी हा उल्लेख.

आता मिळकतीचा हिशेब. गावी राहून हा पेशा करणाऱ्याला एका ठिकाणाहून पूर्ण पगार मिळेल ही अपेक्षा आरंभी ठेवू नये. चार ठिकाणची थोडथोडी मिळकत एकत्र गुंफावी. एक-दोन खासगी शाळांशी आठवड्यातील ठराविक तासांचा करार. हिवाळ्यात वनविभागाचे काम. उन्हाळ्यात निवासी शिबिर. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक पंचायतीने करावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीच्या कामात अभ्यासक म्हणून सहभाग. घरचे दोन एकर धान असेल तर तेही चालू ठेवावे, कारण बालाघाटच्या ‘चिन्नोर’ तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचे पीक शिकविण्याचाही विषय आहे आणि विकण्याचाही. पहिली तीन वर्षे ओढग्रस्तीची जातील, हे घरी स्पष्ट सांगावे. पण या काळात जमलेला एका मुलखाचा बारमाही अभ्यास हे असे भांडवल आहे, की ते दुसरा कोणी पैसे टाकून विकत घेऊ शकत नाही.

जोखमीविषयी मात्र कोणतीही सवलत घेता कामा नये. दुसऱ्याचे मूल घेऊन पाण्याकाठी जाणे ही फार मोठी जबाबदारी आहे. या मुलखात आषाढातील वीज आणि धानातील साप ही दोन खरी भये आहेत. आकाश गडगडताच झाडाखाली न थांबता मुलांना पक्क्या इमारतीत नेणे, आणि सर्पदंश होताच दोरीने न आवळता, झाडफुकीत एक क्षणही न दवडता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात पोहोचणे, हे ज्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येत नाही, त्याने मुलांना बाहेर नेऊ नये. दुर्गम भागातील प्रथमोपचाराचे दोन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंतचे अभ्यासक्रम मसुरीच्या हॅनिफल केंद्रात व अन्यत्र चालतात. त्यावर केलेला खर्च हा या पेशातील पहिला आणि सर्वांत सार्थ खर्च होय. पालकांची लेखी संमती, मुलांची मोजदाद, पोहणारा एक सहायक आणि तयार वाहन, या चार गोष्टींवाचून धुऱ्यापलीकडे पाऊल टाकू नये.

मुलींविषयी दोन शब्द. या भागातील पालक मुलीला शिबिरास पाठवितात ते बरोबर कोण बाई आहे हे पाहून. म्हणून ज्या मुली या क्षेत्रात येतील त्या केवळ आपलीच वाट काढणार नाहीत. त्यांच्यामागे वर्गातल्या अर्ध्या मुलांना बाहेर पडण्याची परवानगी मिळेल. घरच्यांनी त्यांना अडवू नये, आणि संस्थांनी सहशिक्षिकेची नेमणूक ही अट मानावी.

शेवटी शासनाकडे एक मागणी. मध्यप्रदेशात शाळांचे गट जनशिक्षा केंद्रांना जोडलेले आहेत आणि तेथे जनशिक्षक नेमण्याची व्यवस्था आहे. प्रत्येक जनशिक्षा केंद्रास एक निसर्गशिक्षक, त्याच तहसिलीतला, स्थानिक बोली जाणणारा, प्रथमोपचाराचा दाखला असलेला, अशी तजवीज झाली, तर दहा दप्तरमुक्त दिवसांना धनी मिळेल, न्यायालयाच्या १९९१च्या आदेशाला पाय फुटतील, आणि वडील माणसांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच मिळेल. महाराष्ट्रानेही केंद्रशाळांच्या पातळीवर हेच करावे. सारस दोन्ही राज्यांत चरतो, तेव्हा त्याची ओळख करून देणाराही दोन्ही राज्यांत असला पाहिजे.

तोवर, पदाची वाट पाहत बसण्याऐवजी, आपल्या गावचा एक तलाव निवडावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तेथे जावे. पाणी किती, पाखरे कोणती, कोण काय धुतो, कोण काय पकडतो, हे लिहावे, आणि दोन मुलांना बरोबर न्यावे. बारा महिन्यांनी जी वही तयार होईल ती घेऊन शाळेच्या दारात उभे राहिले, तर हेडमास्तर विचारतील ते पदवीविषयी नसेल. ते विचारतील, पुढच्या शनिवारी आमच्या सातवीच्या मुलांना नेता येईल काय? या पेशातली पहिली नेमणूक बहुधा अशीच तोंडी होते, आणि ज्यांनी तो शनिवार मनापासून पार पाडला त्यांना पुढचा शनिवार मागावा लागत नाही.